‘हंसा’ कोरडी ठेवण्याबाबत

२ मार्च
आजपासून कुणाच्या कामात नाक खुपसायचे नाही, असा देवासमोर बसून निश्चय केला. हे इंजिनाचा पंप दुरुस्त करून आणायला परगावी गेले. जाताना ‘हंसा’ माझ्यावर सोपवली. चार वर्षे खपून यांनी ही जुनी लाकडी मोटरबोट नवी केली. अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे. मला काम एकच : तळात पसरलेली पोती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. म्हणाले, लाकूड सुकले की फळ्या आखडतात, फटी पडतात, आणि पाण्यात सोडली की बोट भरते. मी मान डोलावली. पण मॅट्रिकला मला सायन्समध्ये बासष्ट मार्क होते. पाण्याने लाकूड कुजते.

३ मार्च
मामंजींनी पुन्हा बोटीचा इतिहास सांगितला. एका गिरणीमालकाने बायकोसाठी बांधली. पितळी दिवे, सागवानी केबिन. बायकोला बोट लागायची. एकदा बसली, मग जन्मभर किनाऱ्यावरूनच हात हलवला. पुढे बंदराच्या डॉक्टरांनी घेतली, जहाजांवरच्या आजाऱ्यांकडे जायला. तेव्हा सुकाणूच्या चाकावर मामंजी. नंतर लोखंडी लाँच आली आणि हिच्यात कुणी कोंबड्या पाळल्या. यांनी आणली तेव्हा केबिनमध्ये एक अंडे होते. मामंजी म्हणाले, वादळात गेलो, अंधारात गेलो, हिने एकालाही बुडवले नाही.

अठराला बोट पाण्यात. वीसला मामंजी हॉस्पिटलात, हृदयाचे ऑपरेशन. त्याआधी एकदा चाक हातात घ्यायचे आहे, बाकी काही मागत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हौस आधीच फेडून घ्या.

५ मार्च
पोती भिजवली. बादल्याच्या बादल्या पाणी. जीव तुटतो. घरात पाणी सांडले तर पुसतो, आणि इथे मुद्दाम सांडायचे.

६ मार्च
बोटीत कुबट वास. मामंजी या वासात बसणार? उद्यापासून बेताने भिजवायचे.

७ मार्च
देवापुढच्या तांब्यातले पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडले. भाव महत्त्वाचा. पोती उन्हात घातली, तळ फडक्याने पुसला. काय लख्ख दिसतो.

९ मार्च
यांचा फोन. पंप अजून तयार नाही. पोती कशी आहेत विचारले. म्हटले, चांगली आहेत. मी खोटे बोलत नाही. धुऊन, वाळवून त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्यात. दुहेरी शिलाई.

१२ मार्च
मामंजी अंगणात आले, बोटीच्या पोटावर काठीने टकटक केले. म्हणाले, सूनबाई, आवाज कोरडा येतोय. म्हटले, कानाचे मशीन लावा आधी. आत डोकावायला निघाले होते. डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केलीय, अशी आठवण करून दिली. काळजी घ्यायला नको?

१४ मार्च
सकाळी बोटीत उतरले तर तळात उजेड. आधी वाटले, देवाची कृपा. मग वाकून पाहिले. फटींतून अंगणातली माझीच चप्पल दिसली.

घाबरले नाही. जपमाळ ओढली. मग साबण झिजून उरलेल्या चिपट्यांचा डबा काढला. मी चिपटी कधी टाकत नाही, लोक हसतात. एकेक फटीत दाबून बसवली. उजेड बंद.

१५ मार्च
सावधगिरी म्हणून चार बादल्या पाणी ओतले. चारही खालून अंगणात गेल्या. आता भिजवायचे राहिलेच म्हणून यांना कळवावे का? प्रवासात माणसाला चिंता लावू नये. पुन्हा चिपट्या भरल्या.

१७ मार्च
हे आले. पंप बसवण्यात गुंतले, फरशीखाली तळात डोकावलेही नाही. जेवतानाही तेच. फक्त विचारले, भिजवत होतीस ना? म्हटले, भिजवले. (पाचला भिजवले होते, पंधरालाही.) उद्या बोट पाण्यात सोडली तरी रात्रभर क्रेनच्या पट्ट्यांत लटकवून ठेवायची म्हणतात, लाकूड फुगेपर्यंत. क्रेनचे भाडे दुप्पट. मी म्हटले, एक थेंब यायचा नाही, माझी खात्री. शेवटी यांनी ऐकले. मामंजींकडे पाहिले. मामंजी माझ्याकडे पाहत होते.

१८ मार्च, दुपारी
साडी अजून ओली आहे. तरी लिहिते.

जेटीपाशी क्रेनने बोट अलगद ठेवली. पट्ट्या सोडल्या. मामंजींना धरून चाकापाशी बसवले. कोट घातला होता, बंदराच्या डॉक्टरांच्या वेळचा. वन्सं कॅमेरा घेऊन उभ्या. यांनी इंजिन सुरू केले, मामंजींनी चाक धरले, आणि त्यांचा चेहरा... मी डोळे मिटून नामस्मरण करू लागले.

उघडले तर फरशीच्या फळ्यांमधून फेस. आधी थोडा, मग घोट्याएवढा. वन्सं म्हणाल्या, वहिनी, आत भांडी घासलीस की काय? हे पंपाकडे धावले. पंप फेसच ओढायला लागला. इंजिन खोकले आणि बंद पडले. जेटी सोडून हातभरही गेलो नव्हतो. हे ओरडत होते, बाबा, उठा. मामंजी चाक सोडेनात. पाणी गुडघ्याला लागले. तिथे खोली कमरेएवढीच, बोट चिखलात टेकली म्हणून निभावले. यांनी आणि क्रेनवाल्याने त्यांना उचलून आणले. कोटातून पाणी गळत होते. छातीवर हात धरला होता.

मला एवढेच म्हणाले, सूनबाई, तहानलेली होती गं ती.

मी म्हटले, चिपट्या कमी पडल्या.

१९ मार्च
मामंजींना थोडा ताप. ऑपरेशन पुढे ढकलले, पण आजच दाखल केले. हे माझ्याशी बोलत नाहीत. मीही मौन धरलेय. व्रत म्हणून.

२२ मार्च
बोटीतले पाणी उपसले. तीन-चार दिवस बुडून राहिल्याने फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. आता एक थेंब येत नाही. म्हणजे माझ्यामुळेच झाले, असे मी म्हणणार होते. म्हटले नाही.

ताप उतरला. ऑपरेशन उद्या. भेटायला गेले तर मामंजींनी नळ्यांतून एकच विचारले, पोती ओली आहेत ना? बरा होऊन आलो की निघायचे. म्हटले, चांगली आहेत.

२३ मार्च, पहाटे
इंजिनाच्या दुरुस्तीसाठी पुन्हा वर काढलेली बोट भिजवायचे काम यांनी वन्संना दिले. माझ्याकडे फक्त पोती मागितली.

पिशव्या उसवायला बसले आहे. शिलाई फार पक्की. सुटता सुटत नाही.