भाव उतरेपर्यंत

३ मार्च, सकाळ
हँडब्रेक सोडला. इंजिन बंद. आधी वाटलं, हलणार नाही. मग पाण्याच्या टाकीपाशी उतार सुरू झाला आणि दोन टनांची, सात सीटची गाडी आवाज न करता खाली निघाली. स्टिअरिंग दगडासारखं. ब्रेक दोन्ही पायांनी. ऑफिसच्या फाटकापर्यंत डिझेलचा थेंब लागला नाही.
काल रात्री भाव पुन्हा वाढला. लोक भाववाढीवर बोलत बसतात. मी विचार केला. लिफ्ट कंपनीत आहे. वजन म्हणजे काय ते मला कळतं.

संध्याकाळ
वर येताना डिझेलचा काटा एक घर खाली. म्हणजे खाली जाणं फुकट, सगळा खर्च वर येण्याचा. तेव्हा वर आणणंच कमी करायचं. इतकं सोपं आहे. अजून कुणाला सुचलं कसं नाही?

५ मार्च
गाडी ऑफिसात ठेवून चालत घरी. व्यायाम झाला. हिने विचारलं, गाडी कुठे. म्हटलं, खाली. ही म्हणाली, बावीसला आईला आणायचंय, लक्षात आहे ना.
आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सध्या धाकट्या मुलीकडे, म्हणजे माझ्या साडूकडे असतात, गावाच्या पार तळाशी. त्यांना पाय लांब करून बसता यावं म्हणून तर मोठी गाडी घेतली. साडूने तेव्हा विचारलं होतं, आईंचे पाय आहेत तरी केवढे? त्याची स्वतःची गाडी काडेपेटीएवढी.
ठरलं: रविवारी गाडी वर आणायची. तोवर भाव उतरेल.

८ मार्च, रविवार
भाव चढला. चढ्या भावात टाकी भरणं म्हणजे हार मानणं. आणली नाही.

९ मार्च
ऑफिसचा वॉचमन म्हणाला, रात्री इथे ठेवू नका, मोठे साहेब विचारतात ही बस कुणाची. वर न्यायची तर इंजिन सुरू करावं लागणार. बँकेसमोर जागा होती. बँक ऑफिसच्या खाली आहे. हँडब्रेक सोडला.
आता ऑफिस सुटल्यावर चालत खाली बँकेपर्यंत. गाडी पुसायची. मग चालत वर घरी.

१२ मार्च
कन्येला गाडीतून कॉलेजला सोडलं. आधी गाडीपर्यंत चालावं लागलं. पण तिथून ऐटीत. मध्येच उतार कमी झाला. कन्येने विचारलं, बाबा, कोण गेलं? कळलं नाही. मग आरशात बघितलं. मागे गाड्यांची रांग, दिवे लावून, अंत्ययात्रेच्या चालीने.
कॉलेजच्या थोडं अलीकडे उतरली. चालत माझ्याआधी पोचली.
गाडी कॉलेजच्या भिंतीला लावली. बँकेपेक्षा शांत जागा. थोडी खाली आहे, इतकंच.

१४ मार्च
उजवा गुडघा दुखतो. हिने शेकायची पिशवी आणली. म्हणाली, आईचा गुडघा नवा होतोय तोवर तुम्ही तुमचा जुना करून घेतलात.
संकल्प: उद्या काहीही झालं तरी गाडी वर.

१५ मार्च, रविवार
नाही. गाडीपर्यंत जाणार कोण?

१७ मार्च
हिने सरळच विचारलं, गाडीत डिझेल आहे का? म्हटलं, पुरेसं आहे. मग तिला तत्त्व समजावलं. लिफ्टचं वजन, समोरचं वजन, एक खाली गेलं की दुसरं वर. शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, तुमच्या कंपनीची एक तरी लिफ्ट अशी आहे का, जी नुसती खालीच जाते?
उत्तर तयार होतं. पण पिशवी तिच्या हातात होती आणि शेकायचा गुडघा माझा होता.

१९ मार्च
कॉलेजात परीक्षा. भिंतीलगतच्या गाड्या हलवायला सांगितल्या. लाकडाच्या वखारीपाशी आणली. इंजिन न लावता. किल्ली फिरवल्यावर डिझेलचा लाल दिवा दिसतो. कंपनीवाले घाबरवतात. दिव्यानंतरही बरंच असतं.
पंप घराच्याही वर आहे. पंप असा वर बांधायची बुद्धी कुणाची, कोण जाणे.

२० मार्च
कॅन घेऊन पंपावर चालत गेलो. सुटं डिझेल देत नाहीत. गाडी घेऊन या म्हणाला. म्हटलं, गाडी आणायलाच डिझेल हवंय. तो म्हणाला, मग डिझेल न्यायला गाडी आणा. दोघांचंही बरोबर होतं. कॅन घेऊन परत आलो.
घरी हिने आईचा पलंग खिडकीपाशी सरकवून घेतला. मला म्हणाली, एक टोक धरा. गुडघ्यामुळे धरता आलं नाही. कन्येने धरलं.

२१ मार्च, शनिवार
नवा बेत. गाडी आजच साडूकडे न्यायची. तिथवर उतारच आहे. उद्या सासूबाईंना दारातच गाडीत बसवायचं आणि उरलेल्या डिझेलवर एका दमात वर. ते यासाठीच राखून ठेवलं होतं, असं आता लक्षात येतं.

रात्री, साडूकडे
उतार अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी बरोब्बर साडूच्या फाटकासमोर, आडवी थांबली. सरळ करायला इंजिन लावलं. दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मग बॅटरीही गेली.
साडू बनियनवर बाहेर आला. म्हणाला, या साडूभाऊ, ऐसपैस लावलीत. त्याची काडेपेटी फाटकाच्या आत. बाहेर काढायला वाट नाही.
सासूबाई वॉकर धरून ओट्यावर आल्या. बॅग सकाळपासून भरून ठेवली होती. म्हणाल्या, जावईबापू, उद्या कशाला, आजच निघू या ना. मी म्हटलं, जरा काम निघालंय. त्या ओट्यावरच बसून राहिल्या. बॅग मांडीवर.
हिला फोन केला. गाडीचं सांगितलं. तिने विचारलं, आई जेवली का? तुम्ही जेवलात का, हे विचारलं नाही.
मुक्काम इथेच. सासूबाईंनी त्यांची शेकायची पिशवी मला दिली.

२२ मार्च, सकाळ
वखारीतले दोघे, साडू आणि त्याचा शेजारी, अशा चौघांनी माझी गाडी फाटकासमोरून ढकलली. वर जाईना. आणखी खाली गेली. मी स्टिअरिंगवर होतो.
मग साडूने त्याची गाडी बाहेर काढली. सासूबाई पुढे, सीट मागे सरकवून. मागे बॅग, वॉकर आणि मी. साडूने रेडिओ लावला. डिझेलचा भाव रात्री उतरला आहे. चढावर सासूबाईंनी पाय लांब केले आणि साडूला म्हणाल्या, गाडी मोठी आहे हो तुमची. साडूने आरशातून माझ्याकडे बघितलं.
ही फाटकात उभी होती. तिने आधी आईला उतरवलं, मग वॉकर, मग मला.