आवळ्याचे झाड सुनेला

कलमाची पट्टी गुंडाळून झाली, चाकू पुसला. हाताला चीक आहे, पण बुद्धी स्वच्छ आहे. वय एकाहत्तर. कुणी सांगितले म्हणून नव्हे, मनात आहे तेच या मृत्युपत्रात लिहिते.

एक. घर मुलाला. छप्पर कुठे गळते ते त्याला ठाऊक आहे. बादली मीच ठेवत आले.

दोन. रोपवाटिका, आवळ्याचे झाड आणि त्याखालची जमीन सुनेला. मुलाला नाही. तो भला आहे, पण शेजारच्या काकांसमोर, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांसमोर, त्याची मान वर होत नाही. मी गेल्यावर हद्दीची भिंत सरळ करायची म्हणून काका झाड मागतील आणि हा देऊन टाकील.

कारण लिहिते. बारा वर्षांपूर्वी मी बहिणीकडे गेले असताना धाकट्या दिरांनी ते झाड छातीएवढ्या उंचीवर कापले.

"वहिनी, सावली फार पडत होती."

"भावोजी, मुळापासून नाही ना कापलंत? मग उपकार झाले."

ते हसले. त्यांना वाटले, मी खचले. झाड जुने, फळ बारीक आणि रेषाळ. ते कापून नव्या धुमाऱ्यांवर चांगल्या जातीचे डोळे भरायचे, म्हणजे कळ्यांचे कलम बांधायचे, हे दोन वर्षे माझ्या मनात होते. धीर होत नव्हता. धीराचे काम दिरांनी केले.

मी अकरा डोळे भरले, एकही जगला नाही. सुनेने अकरा भरले, नऊ जगले. "आई, तुमचा हात घाई करतो," म्हणाली. खरे होते. चौथ्या वर्षी एकेक फळ मुठीत मावेना. निम्मी फळे वाळवून वैद्य नेतात. त्यातलीच भुकटी भावोजी पित्तावर घेतात. घेऊ द्या.

भावोजींना हद्दीवर भिंत घालायची आहे, म्हणून परवा मोजणीदाराने खुंटी ठोकली. बुंधा आमच्या हद्दीत, चार फूट आत.

तीन. झाड कापून भावोजी करवत कुंपणाशीच विसरले होते. ती धार लावून त्यांना परत द्यावी, सोबत पाटीभर आवळे. रुसवा माझा आहे, तो कुणाच्या नावे करत नाही.

साक्षीदार : मोजणीदार (सही). भिंत बांधणारा गवंडी (अंगठा).
लिहून देणार : रोपवाटिकेची मालकीण (सही).
ठिकाण : रोपवाटिकेची मागची खोली. १९ जुलै २०१४.

सुनेची नोंद, २० जुलै : सकाळी आठला गवंड्याने खुंटीपासून दोरी ताणली. काकांनी दोरीजवळ येऊन पाहिले. मग म्हणाले, "बांधा." पाया झाडापलीकडे चार फुटांवर खणला.