मामाकडून आलेला कॅमेरा

१० ऑक्टोबर १९४८, हिंगोली

कोर्ट उघडं, काम बंद. नवा मुन्सफ कोण, त्याच्यापुढे बोलायचं कोणत्या भाषेत, हुकूम यायचे आहेत. आम्ही वकील मंडळी काळे कोट घालून पान खात बसतो.

शिंप्याकडे पांढऱ्या टोप्यांना रांग. पोळ्यापर्यंत जे शेरवानीत वाकत होते ते आता खादीत वाकतात. कापड बदललं, कणा तोच.

आणि गावात मामा फार झालेत. कुणाकडे घड्याळ, कुणाकडे शिवणयंत्र, कुणाकडे नक्षीचा पलंग. विचारलं की उत्तर एकच, मामानं दिलं. निजामावर हिंदुस्थानच्या फौजा आल्यापासून महिनाभरात इतके उदार मामा या मुलखात कुठून उगवले? मला तीन मामा. एकानंही कधी चमचा दिला नाही.

सौ. दुपारी चांदभाईच्या घरी डाळतांदूळ देऊन आली. चांदभाई अजून नाही. गणपती बसले त्या आठवड्यात कनेरगाव नाक्याकडच्या कुठल्याशा खेड्यात फोटो काढायला गेला. घडीचा कॅमेरा घेऊन. दुकानातला मोठा, तीन पायांच्या तिकाटण्यावरचा, तसाच उभा आहे काळं फडकं पांघरून. मागून फौजा आल्या, आणि फौजांच्या मागून खेड्यापाड्यांत जे झालं ते झालं. कोणतं खेडं, तेही भाभीला ठाऊक नाही. म्हणाला होता, संध्याकाळी येतो.

शाळेत एका बाकावर होतो आम्ही. या गावात माझ्या विनोदाला आधी हसणारा तो एकटा. बाकीचे आजूबाजूला बघून हसतात.

१४ ऑक्टोबर

घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी ओसरीवर एक शेतकरी गडी. पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं, काखेत घोंगडीचं गाठोडं. नाव सटवाजी म्हणाला. "वकीलसाहेब, फोटूचं मशीन हाय. घेता का?" मला कॅमेऱ्याचा नाद आहे हे गावाला माहीत, वीस वर्षं चांदभाईच्या दुकानात नुसता बसून घालवलेला नाद.

उघडलं. घडीचा कॅमेरा.

जुना कॅमेरा कसा पारखायचा हे चांदभाईनंच शिकवलेलं. काच समोरून नाही, तिरपी धरून बघायची, बुरशी तशीच दिसते. खटका मंद गतीवर लावून कानाशी धरायचा. अडखळला तर घेऊ नये. आणि भाता पूर्ण ताणून उन्हाकडे धरायचा, मागून डोळा लावायचा. आत चांदणी चमकली की समजायचं, भोक. तसं सगळं केलं. काच स्वच्छ. खटका सुरेख. भाता धरला उन्हाकडे. अंधार. एका घडीवर मात्र आतून ठिगळ. काळं सॅटिन.

ते ठिगळ माझ्या जुन्या कोटाच्या अस्तराचं. गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोर बसून त्यानं ते सरसानं चिकटवलं. म्हणाला होता, आता हा कॅमेरा खोटं बोलायला शिकेल.

चेहरा हलू दिला नाही. तेवढी वकिली येते. कुठून आणलं? "मामानं देलं." कुठले मामा? "वाशीमकडचे."

आणि मग मी काय केलं? जे प्रत्येक अशिलाला बजावतो तेच. परक्या माणसाकडून जुनी वस्तू कागदावाचून घेऊ नये. दौत पुढे ओढली. नाव, बापाचं नाव, गाव, अंगठा, दोन साक्षीदार. शेजाऱ्याला हाकही मारली साक्षीला.

सटवाजी दौतीकडे बघत राहिला. गाठोडं बांधलं. "बिडी वढून येतो जी." गेला. बिडी अजून संपलेली नाही.

गाव विचारलं ते कागदासाठी. सांगितलंच नाही त्यानं.

१५ ऑक्टोबर

सौ.ला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकत होती. थापणं थांबलं.

"कागद मागितलात? माणूस मागायचा सोडून?"

मग तव्यावरची भाकरी उलटली.

भाभीला सांगायचं नाही असं ठरलं. काय सांगणार? कॅमेरा आला होता, चालत गेला.

२१ ऑक्टोबर

नाक्यापर्यंत जाऊन आलो. जकातीची चौकी ओस, ढाब्यावर शिपाई चहा पिताहेत. सटवाजी नावाचे आजूबाजूला किती? ढाबेवाला म्हणतो, एक हाक मारा, सात येतील. शेवटी त्यालाच सांगून आलो: हिंगोलीचा वकील जुने कॅमेरे घेतो. कागद नाही, विचारपूस नाही.

वीस वर्षांच्या वकिलीत असलं वाक्य पहिल्यांदा तोंडातून गेलं. सोपं जातं. लोक करतात ते उगाच नाही.

२७ ऑक्टोबर

निरोप पसरला, पण वाटेत फुगला. वकील जुनं काहीही घेतो. आज ओसरीवर: ग्रामोफोनचा कर्णा (पेटीशिवाय), दुर्बीण, अत्तराच्या कुप्या, वजनकाटा. एकालाही परत विचारायची सोय नाही, विचारपूस नाही म्हणून मीच सांगितलेलं.

मग एकानं मोठी फ्रेम आणली. आत फोटो. दाढीवाला म्हातारा खुर्चीत, मागे दोन मुलगे, पुढे चटईवर लेकरं. मी बघत बसलो तसं त्याला वाटलं, भाव पाडतोय. म्हणाला, "काच बिलोरी हाय साहेब. आतले मान्सं काढून टाकता येतेत."

फ्रेम घेतली. उलटून पाहिलं, मागे चांदभाईच्या दुकानाचा शिक्का. माणसं काढली नाहीत. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. सौ. म्हणाली, तोंड भिंतीकडे कशाला, त्यांनी काय केलंय. सरळ केली.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. झाली म्हणायची.

बाररूममध्ये देशपांडे वकील खांद्यावर हात टाकून: "आम्हाला वाटलं तुम्ही नुसते लिहिता. बराच माल जमवलात म्हणे." सगळे हसले. या वेळी आजूबाजूला न बघता.

टपालात, मी ज्यात लिहितो त्या साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र. लुटीचा माल घरात भरणाऱ्या प्रतिष्ठितांवर काही झणझणीत पाठवा. बसलो लिहायला. पहिलं वाक्य उत्तम जमलं. दुसऱ्याला नमुना हवा होता, तो आरशात होता.

खोडलं सगळं.

८ नोव्हेंबर

भाभी आली. बुरख्यात, मागच्या दारानं, थेट स्वैपाकघरात सौ.जवळ. मी मधल्या दाराशी, पडद्याअलीकडे.

तिच्या कानावर गेलंच होतं. पडद्यामागून आवाज आला: "भाईसाब, तुमे क्यामरा कायकू ढूंडरे?"

मी म्हणालो, हौस.

मग तिनं सौ.ला सांगायला सुरुवात केली, मला ऐकू येईल असं. परभणीचा भाऊ दोनदा येऊन गेला. म्हणतो, चांदभाई गेला असं समज, काळी पोत उतरव, विधवा पाळतात त्या इद्दतीला बस, मी तुला नि लेकरांना घेऊन जातो. असं अधांतरी किती दिवस ठेवणार घराला? शेजारणी रोज गळ्याकडे बघून मग बोलतात. भावाला तिनं उत्तर दिलेलं नाही. जिवंत नवऱ्यासाठी इद्दतीला बसली तर तो आल्यावर त्याला काय तोंड दाखवणार? आणि गेला असेल तर पोत घालून हिंडणारी ती कोण?

उठताना म्हणाली, "भाईसाब, तुमना जादा नई पूछतूं. पोत काडूं की नक्को, उतना बोलो."

माझ्याकडे एक ठिगळ होतं आणि एक पळालेला सटवाजी. एवढ्यावर कुणाला विधवा ठरवू?

सौ. नंतर म्हणाली, सांगायला हवं होतं. मी म्हणालो, काय? म्हणाली, हौस नाही म्हणून.

१७ नोव्हेंबर

आला. सटवाजी आला, कडब्याच्या गाडीवर बसून, गाठोडं कडब्यात. ओसरीवर नाही बसवलं. माजघरात पाट दिला. दौत आधीच सौ.नं उचलून नेलेली.

आज मशीन पारखलं नाही. नुसतं विचारलं, "सटवाजी, फोटोवाला कुठाय?"

चहा खाली ठेवला त्यानं. त्याचं म्हणणं असं:

थोरली पोरगी शेवंता उजवायची. स्थळ अकोल्याकडचं, फोटो मागत होतं. म्हणून यानंच हिंगोलीच्या बाजारात चांदभाईला सांगितलं. चांदभाई आला, तर दोन दिवस पाऊस, उजेड नाही, मुक्काम पडला. तेवढ्यात विमानं, फौजा, आणि मग शेजारच्या गावची माणसं हातात काय काय घेऊन. यानं चांदभाईला शेतातल्या आखाड्यावर नेलं, उभ्या ज्वारीत लपवलं. भाकर शेवंता न्यायची. मग एके पहाटे धोतर नेसवून, मुंडासं बांधून, हिरव्या चाऱ्याच्या गाडीत वाशीमच्या रस्त्याला लावलं. "मशीन माझ्यापाशी देलं. म्हन्ले, हे संगं घेऊन गेलो तर वळखतेत. हिंगोलीत वकीलसाहेब हायेत, त्यायला द्या."

"मग पुढे?"

"पुढचं काय म्हाईत जी. गाडी माझी व्हती, मानूस न्हाई परत आलं. बैल आले."

गाडी हाकायला कोण? त्याचा साडू. साडू परत येऊन म्हणतो, चांदभाई वाशीमच्या अलीकडे उतरून गेला.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी हे काहून नाही सांगितलं? म्हणाला, "तुमी कागद काढला की जी. अंगठा देला तर शिपाई म्हंते, लुटलं. न्हाई देला तर गावातले म्हंते, तुर्काला घरात ठिवलं. दोन्हीकून मरन माझं."

आणि हात जोडून, गावाकडे तुम्ही येऊ नका. वकील दारात आला की गाव उठेल. गावाचं नाव मात्र सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

पैसे पुढे केले. घेतले त्यानं. न बघता कमरेला खोचले. हे त्याच्या बाजूनं धरायचं की उलट?

१८ नोव्हेंबर

झोप नाही. एक गोष्ट टोचते आहे.

तो म्हणतो, कागद काढलात म्हणून खरं बोललो नाही. पण 'मामानं देलं' हे कागदाच्या आधीचं. दौत नंतर आली, मामा आधी आला. उलटतपासणीत एवढ्यावर साक्षीदार आडवा केला असता मी, आणि संध्याकाळी चांदभाईच्या दुकानात बसून ती कथा रंगवून सांगितली असती.

शिवाय, वकीलसाहेबांना द्या असा निरोप असेल तर "घेता का?" कशासाठी? द्यायला आलेला माणूस विकायला का बसला?

पण भ्यालेला माणूस कुठे क्रमानं बोलतो. मी तरी भाभीला हौस म्हणालोच ना, एकही दौत समोर नसताना.

की त्याच ज्वारीत... नाही. लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर

भाभीला सगळं सांगितलं. ठिगळ, कागद, ज्वारी, गाडी, बैल. मामाही सांगितला. दोन्ही बाजू मांडल्या, जशा मांडतात. सौ. तिचा हात धरून बसलेली.

पडद्याखालून कॅमेरा आत सरकवला. भाता उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. रडली नाही. एकच विचारलं:

"वो बच्ची है क्या सच्ची में?"

मला कळलं नाही. सौ.ला कळलं. शेवंता. पोरगी खरंच असेल, तिला बघायला स्थळ येत असेल, आखाड्यावर भाकर तिनं नेली असेल, तर ती सांगेल. बाप काय सांगायचं ते ठरवून सांगेल. पोरीच्या तोंडावर दिसेल. आणि पोरगीच नसेल तर तेही उत्तरच.

मी म्हणालो, मी जातो. दोघी एकदम नाही म्हणाल्या. भाभीनं कारणही दिलं, "तुमे कागद काडते."

दिवसभरात तेवढंच हसू. तेही तिचं.

२८ नोव्हेंबर

ठरलं ते असं. सौ. आपल्या भाच्यासाठी मुलगी पाहायला चालली. मुलगी पाहायला बायका कुठल्याही गावात, कुठल्याही दारात जाऊ शकतात. कुणी काही विचारत नाही, उलट चहा मिळतो. भाभी सौ.ची धाकटी बहीण. तोंडानं फार बोलायचं नाही, दात दुखतो म्हणायचं.

मी विरोध केला. त्या गावात ओळखलं तर? सौ. म्हणाली, तुमच्या भीतीनं महिना गेला. खरं आहे.

परभणीच्या भावाला आठवड्याची मुदत मागितली आहे. त्यानंतर तो न्यायला येणार.

सकाळी सौ.नं तिला माजघरात घेतलं. लुगडं नेसवलं. भाभीला काष्टा जमेना, तीनदा सोडला. मग कुंकू. सौ.चं बोट थांबलं होतं म्हणे. भाभीनंच कपाळ पुढे केलं. काळी पोत बदलावी लागली नाही. ती होती तशी राहिली, पदराखालून थोडी दिसेल अशी.

बाहेर आल्या तेव्हा मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. एवढी वर्षं तिच्या हातचा शिरखुर्मा खाल्ला. नजर खाली घातली मी. तिनं नाही घातली.

गाडीवान आमचाच. सौ. चढताना पिशवी परत उतरवून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज. हिरवा खण घेऊन आली, शेवंतासाठी. मुलगी पाहायला रिकाम्या हातानं जात नाहीत.

पोर आहे असं धरून चाललो आहोत.