खोडव्याला लागणीची तारीख नसती

सोम. ५ जाने. १९७६
ऊसतोडीची यादी लागली. ह्या हंगामापासनं साखर कारखाना ती पुण्याच्या मशीनवर काढतो. तिसरी यादी, तिसऱ्यांदा माझं नाव न्हाई. शेतकी ऑफिसातला क्लार्क सावंत म्हणतो, "आजी, मशीन चुकत न्हाई." म्हटलं, मग माझा ऊसच चुकला असंल.
वाईहून पत्र. धाकटी बहीण तानी हातरुणाला खिळलीया. "आक्का, एकदा ये." कशी जाऊ? मालक बांधावर नसला की तोडणीची टोळी म्होरल्याच्या फडात शिरती. ल्योक फौजेत, सून बाळंतपणाला माहेरी. इथं मी आन् म्हस. दोघी दाव्याला.

गुरु. ८
उसाला तुरा आला, आता वजन घटत जाणार. वाईला जायची पिशवी भरून खुंटीला टांगलीय कवाधरनं. फड, घर, फड.

शुक्र. ९
शेजारचे बाबगोंडा अण्णा भेटले. म्हणाले, "आक्का, माजा नव्या लागणीचा ऊस तुटला, खोडवा तेवढा ऱ्हायला." माझाबी खोडवाच. डोक्यात किडा वळवळला. दारोदार विचारत हिंडले. लागणवाल्याचं नाव हाय, खोडवेवाला गायब. समद्यांचं तसंच.

सोम. १२
सावंताच्या टेबलापुढं उभी. भोकं पाडायचं कार्ड दावलं त्यानं. त्यात लागणीच्या तारखेला जागा. "खोडव्याला काय लिवलंस?" "काय लिवणार? कोरं सोडलं." तोडलेल्या बुडख्यातनं आपसूक फुटल्याला ऊस, त्याला कसली लागण! मशीननं कोरं बघितलं, दिलं टाकून. पुण्यात कुणी खोडवा बघितलाय का...
ठरलं. गेल्या तोडीची तारीख घालायची. गेल्या संक्रांतीला तुटल्याला.

सोम. १९
नाव आलं. पाळी मार्चात! मशीन समद्याला लागणच धरतं, चौदा महिने मोजतं. खोडवा बाराव्याला तयार. मार्चापतूर चिपाड हुईल.
सावंत म्हणाला, "पुण्याला कळवलंय. दुरुस्ती म्होरल्या हंगामाला म्हणत्यात."
"मग दोन महिने मागली तारीख घाल."
"खोटं लिवू? नोकरी जाईल आजी."
"खरं सांगून बघितलंस न्हवं? कळलं का मशीनला?"
दाराकडं बघितलं आन् लिवलं गड्यानं. अण्णांचंबी लिव म्हटलं, समद्या खोडव्यांचं लिव. कपाळाला हात लावला, पर लिवलं.

मंगळ. २७
काल झेंड्याची सुट्टी, म्हणून यादी आज. नाव हाय. पाळी परवा. आता लागणवाले मागं ढकलले, ते सावंताला घेरून बसल्यात. माझ्याकडं बघितलं त्यानं. मी न बघितल्यागत केलं.
घरी आले तर दारात वाईचं पोस्टकार्ड. भाच्यानं लिवलंय. तानी बोलत न्हाई आता, दाराकडं बघती.
टोळी परवा. तोडायला दोन दिस. मग एस्टी. म्हणजे शनवार. टोळी आली तर.
उसाची तारीख दोन महिने मागं नेली. तानीची चार दिस म्होरं ढकलणारा क्लार्क कुठल्या ऑफिसात बसतो, कुणाला इचारू.
पिशवी खुंटीवरनं काढली. परत टांगली.