निळा दोरा, हिरवा दोरा

४ फेब्रुवारी

लिही म्हटलं तर विचारते, काय लिहू? मी सांगते ते लिही. डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे — सकाळचे ठोके, संध्याकाळचे ठोके, चक्कर आली का, पाय सुजले का. तेवढ्यासाठी अख्खी वही कशाला? उरलेल्या जागेत मी बोलणार. मला अक्षर येत नाही म्हणून सून लिहिते. सासूची गाऱ्हाणी सुनेच्या हातानं! अशी सोय कुणाच्या नशिबी असते?

सकाळी बावन्न. संध्याकाळी पन्नास. चक्कर आहे.

मुलाच्या घरातली ही मागची खोली. खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. ती भरली की वाहते, वाहिली की कुणीतरी ओरडतं. करमणूक एवढीच.

५ फेब्रुवारी

पन्नास. कुणाशी बोलले नाही.

७ फेब्रुवारी

काय झालं ते एकदा सांगून टाकते. घरात चर्चा रोज माझीच, आणि मी जणू दुसऱ्या गावी आहे.

माझं इस्त्रीचं दुकान. पुढे टेबल, मागे राहायची खोली. एकतीस वर्षं. कुणाचा कपडा कुठला, हे मी दोऱ्यावरून ओळखते. कॉलरच्या आत एक टाका — वकिलाचा पिवळा, शाळेतल्या बाईंचा जांभळा. एकतीस वर्षांत एक सदरा इकडचा तिकडे गेलेला नाही. पलीकडच्या लाँड्रीवाल्याला चांगलं लिहिता-वाचता येतं. त्यानं वकिलाला कुणाची तरी पँट दिली, ती गुडघ्याखाली चार बोटं आली. तेव्हापासून वकील माझ्याकडे.

दिवाळी नाही, दसरा नाही, छातीत आपली धडधड सुरू. दोन ठोके घाईत, तिसरा गायब. इस्पितळात झोपवून शॉक दिला, तेव्हा गाडी रुळावर आली. घरी सोडताना गोळ्या दोन. एक रक्त पातळ करणारी, एक ठोके हळू करणारी. मी पट्ट्यांच्या कोपऱ्याला सुईनं भोक पाडलं. रक्ताच्या पट्टीला लाल दोरा, ठोक्यांच्या पट्टीला निळा. दहा दिवस बिनचूक.

मग तिसरी पट्टी आली. गोळी गुलाबी. ‘ही सकाळी एक’ — एवढंच सांगणं झालं. मी हिरवा दोरा बांधला आणि तीही घ्यायला लागले. औषध निळ्या दोऱ्याचंच होतं, फक्त कंपनी दुसरी. जुनी बंद करून तिच्या जागी ही घ्यायची होती. मी चार दिवस दोन्ही घेतल्या. पाचव्या दिवशी टेबलापाशीच आडवी झाले. ठोके अडतीस. वकिलाचा सदरा जळाला तो वेगळाच.

मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आईला वाचता येत नाही, त्याचा हा परिणाम. दोरा चुकला नाही. त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं लक्षात ठेवलं.

सुनेनं पेन खाली ठेवलं. बोट दुखतं म्हणाली. दुखत असेल.

९ फेब्रुवारी

आकडे फोनवर कळवले. अजून पन्नाशीतच, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गुलाबी गोळी अर्धी केली. रक्ताची चालूच. मुलानं सुरीनं गोळी कापली. एक अर्धी हातात राहिली, दुसरी उडाली ती फ्रिजखाली. कचेरीत वीस माणसं याच्या हाताखाली, आणि इथे जमिनीवर गाल टेकून गोळी शोधत होता. नात विचारत होती, बाबा नमस्कार कुणाला करतायत?

माझे दोरे त्यानं कचऱ्यात टाकले. डबी आणली — सात कप्पे, सात झाकणं, झाकणांवर वारांची नावं. छापील. माझ्यासाठी!

१२ फेब्रुवारी

सकाळी अठ्ठावन्न. चक्कर कमी.

दुकानाची जागा भाड्याची, तिच्या मालकाचा फोन आला होता. मी परत येणार की नाही, ते त्याला महिनाअखेरपर्यंत कळायला हवं आहे. माझ्या दुकानाचं बोलणं मुलानं बाहेरच्या बाहेर, जिन्यात उभं राहून केलं. म्हणाला, बघू, पण तिला आता जमेलसं वाटत नाही. म्हातारीला कानही नाहीत अशी समजूत दिसते.

डॉक्टरीणबाई तर स्पष्ट म्हणाल्या आहेत — अर्ध्या गोळीवर ठोके साठच्या वर टिकले, चक्कर गेली, तर खुशाल आपल्या घरी राहा. पण मुलाचं पुढचं टुमणं तयार. ‘आणि परत गोळ्यांचा घोळ घातलास तर?’ घातलास! जणू मी घोळ घालायला टपून बसले होते.

सून भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

मी सांगते तेच लिहितेस ना गं? हो म्हणते. खरं काय ते वहीला ठाऊक.

१५ फेब्रुवारी

एकसष्ट! नातीनं माझ्या बोटाला तो ठोके मोजायचा चिमटा लावला आणि स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा आकडा ओरडली.

त्या आनंदात घरातले सगळे कपडे इस्त्री करून काढले. नऊ सदरे, सहा कुडते, उभ्यानं. दम लागला नाही. मुलगा आला, इस्त्रीचं बटण बंद करून वायर गुंडाळून माळ्यावर ठेवली. त्याच्या अंगात माझ्याच हातची घडी होती.

१८ फेब्रुवारी

इस्पितळ. कागदावर ठोक्यांची रांग काढली, सरळ आली. चौसष्ट. अर्धी गोळी पुरे झाली, रक्ताची मात्र सोडायची नाही, बरं वाटलं तरी नाही. ‘आजी, माझ्याकडून हरकत नाही,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून विचारलं, पण त्या वेळी चूक झाली कशी? नवी पट्टी दिली तेव्हा जुनी बंद करायचं यांना कुणी सांगितलं नव्हतं का?

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून पर्सची चेन उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. मी वाट पाहिली. बरीच पाहिली. मुलाचा आवाज चढला की या घरात आठ-आठ दिवस भांडीसुद्धा हळू वाजतात, ते मी इथे राहून बघितलं आहे. त्याच्या बापाचं हेच.

‘सांगितलं असेल. मीच विसरले,’ म्हटलं.

मुलानं मांडीवर थाप मारली. ‘ऐकलंत ना, डॉक्टर?’

परतताना गाडीतूनच त्यानं मालकाला फोन लावला. सोमवारी किल्ली द्यायची.

१९ फेब्रुवारी

पासष्ट. हृदय आता अगदी शहाण्यासारखं चालतंय. त्याला कुठे जायचंच नाही.

२० फेब्रुवारी

सहासष्ट. चक्कर नाही, सूज नाही. आता पुढचं लिही. ती गुलाबी पट्टी तू आणलीस. टेबलावर ठेवलीस, पोरीच्या पायात बूट चढवता चढवता ‘ही सकाळी एक’ म्हणालीस आणि निघालीस. जुनी बंद करा, हे बोलायचं राहिलं. राहतं गं, घाईत राहतं. पण त्यानंतर पंधरा दिवस ही वही तुझ्या मांडीवर आहे.

थांबू नकोस, लिही. सोमवारला अजून तीन दिवस आहेत. हे त्याला वाचून दाखव, नाहीतर पान फाडून टाक. फाडलंस तरी मला कळायचं नाही.