पावण्याचं पान

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

वसुधाचा फोन. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून डबा खाणारी वसुधा आता खात्याची प्रमुख आहे. 'मॅडम, तुम्ही नाही म्हणायचंच नाही.' कॉलेजात प्रदर्शन मांडतायत, ॲनाटॉमी शिकवायची पद्धत कशी बदलत आली याचं. इतिहासाची दोन पानं मी लिहायची. शिवाय विद्यार्थिदशेतला माझा बोनसेट द्यायचा, काचेच्या कपाटात ठेवायला. आता म्हणे खरी हाडं कुणाकडे राहिलीच नाहीत, मुलं प्लास्टिकवर शिकतात.

लगेच हो म्हटलं. कपाटातल्या कार्डावर माझं नाव येणार ना! सहासष्ट पूर्ण झाली तरी हौस काही फिटत नाही.

सेट लालबागला बाळूकडे माळ्यावर, ट्रंकेत. उद्या आणते.

बुधवार, १०

गणपती गेले, पण मंडपाचे बांबू अजून रस्त्यात. चाळीच्या जिन्यापर्यंत वळसे घालत गेले. गुडघे बोलायला लागले.

बाळूने ट्रंक काढायला साफ नकार दिला. धाकटा भाऊ, पण हट्टाला माझा थोरला. पितृपक्ष चालू आहे, आता हलवायची नाही. मी म्हटलं, अरे, हाडं आहेत ती, आपले पितर नव्हेत.

'आयेन मरासर पान वाढलान, आता मी वाढतंय. तू हसतंस कित्याक?'

हसत नव्हते. पूर्वी हसायचे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आबांनी शिरीष नावाच्या सीनियरकडून हा हाफ सेट आणला होता. म्हणजे कवटी, मणके, बरगड्या आणि एका बाजूचे हात-पाय. मिलमधून सुटल्यावर तांदळाच्या पोत्यात घालून खांद्यावरून. शेजारच्या काकूंना वाटलं गावाहून सुकट आली. आई दोन दिवस खोलीत झोपायला तयार नव्हती, गॅलरीत पडायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'आता इलोच आसा तर पावणो. घरात पावण्याक उपाशी ठेवचा नाय.' त्या सालापासून दर सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्त. आजोबांचं, आजीचं, आणि कॉटखालच्या पावण्याचं. मी पोट धरधरून हसले होते. डॉक्टर होणार होते ना.

शेवटी ट्रंक दिली, पण अमावस्येला परत आणायच्या बोलीवर. टॅक्सीवाल्याने विचारलं, क्या है इसमें? किताबें, म्हटलं.

गुरुवार, ११

इतिहास लिहायला बसले. अर्धं पान झालं, मग उगाच कपाट आवरलं, मग फॅन पुसला.

पहिल्या तासाला दरवर्षी सांगायचे तीच गोष्ट उतरवली. आपल्या जुन्या वैद्यांनी प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवलं, सात रात्रींनी बाहेर काढलं, गवताच्या कुंच्याने हलके हलके घासत एकेक थर पाहिला. मुलं चिडीचूप व्हायची. लिहिताना आज पहिल्यांदा लक्षात आलं, प्रेत कसं हवं ते सगळं त्यात दिलंय. अंग शाबूत हवं, विषाने मेलेलं नको, फार म्हातारं नको. कुणाचं, हे नाही. मला कुणा विद्यार्थ्याने विचारलं नाही. मीही माझ्या सरांना विचारलं नव्हतं.

पुढे इंग्रजांची कॉलेजं, मग प्रेतं कॉलेजांना द्यायचा कायदा, आणि कायद्यातला शब्द बेवारस. तो मी तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारून. कोकणातून एकटा आलेला, एका खोलीत वीस जणांत पथारी टाकणारा, इस्पितळात तापाने गेला, गावाला पत्र पोचून बायको एसटीत बसेपर्यंत…

हे दोन पानांत बसणार नाही. वसुधाला बहुधा चालणारही नाही.

शनिवार, १३

बाळूची मुलगी सायली आली. सेकंड एमबीबीएसला आहे, म्हणून मदतीला बोलावली. टेबलावर जुनी चादर, दोघींच्या हातात रंगाचे ब्रश, धूळ झाडतोय. कवटीचं झाकण उघडलं तर आत पेन्सिलीने नावं : आर. के., मग लुईझा, मग शिरीष, मग मी. एकाखाली एक, वर्गाच्या हजेरीसारखी. ज्याची कवटी त्याचं सोडून.

प्रत्येक हाडावर माझ्या हातच्या खुणा. स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे लागतो तिथे निळी. 'आत्या, कसलं सुंदर अक्षर होतं तुझं!' त्यांच्याकडे आता स्क्रीनचं टेबल आलंय. बोट फिरवलं की स्नायू जातो, परत फिरवलं की परत येतो. मी नाक मुरडलं. माझं नाक मुरडून पुरतं व्हायच्या आत ती म्हणाली,

'आत्या, हे बसत नाहीये.'

मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोबणीत घालून बघत होती. मी म्हटलं, नीट धर, उलटं धरलं असशील. उलटं नव्हतं. मी घातलं. गोळा मोठा, खोबण लहान.

ती कमरेचं हाड हातात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, 'ही खाच केवढी रुंद आहे बघ. हे बाईचं आहे ना?'

बाईचं आहे. वरची कडही नीट जुळलेली नाही, म्हणजे वीसचीसुद्धा नसेल. ती खडबडीत कड मी झीज समजत होते. कवटी आणि मांडीचं हाड मात्र पुरुषाचं, चांगल्या थोराड माणसाचं.

सायली हसायला लागली होती, माझा चेहरा बघून थांबली.

रविवार, १४

सकाळपासून तेच. चहा दोनदा गार झाला.

एकेका आठवड्याला एकेक हाड घेऊन पाठ केलं. हात संपला की पाय, पाय संपला की कवटी. दोन हाडं एकमेकांना लावून बघितलीच नाहीत. पुढे नोकरीत खात्याचे सेट होते, माझी ट्रंक माळ्यावर गेली ती गेलीच. कमरेचं हाड पुरुषाचं की बाईचं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत किती मुलांना घातला असेन. एक मुलगा अडखळला तर त्याला म्हटलं होतं, डोळे घरी ठेवून आलात का? आणि त्या रुंद खाचेच्या अगदी कडेला माझ्याच हाताची लाल रेघ आहे. शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

सायली परत आली, न बोलावता. तीन ढीग केले. एक त्याचा. एक तिचा : कमरेचं हाड, त्याला चपखल बसणारं माकडहाडावरचं सॅक्रम, दंडाचं एक बारीक हाड. तिसरा ढीग सगळ्यात मोठा. बरगड्या, मणके, तारेत ओवलेला हाताचा पंजा. कुणाचं ते सांगता येत नाही. त्याचं, तिचं, की अजून कुणाचं.

'टेस्ट करता येईल,' सायली म्हणाली.

'आणि नाव निघेल त्यातून?'

 जाताना पंजावरून ब्रश परत एकदा फिरवून गेली.

मंगळवार, १६

वसुधाला फोन करून सांगितलं. तिला उलट आनंदच झाला. 'मॅडम, सगळेच सेट मिक्स असायचे. विकणारे जे मिळेल ते जुळवून द्यायचे. हेसुद्धा कार्डावर घालू, मुलांना कळू दे.' खोटं नाही बोलत ती. मुलांना कळायला हवंच. बरगड्यांत कोण कोण आहे ते मला तरी कुठे कळलंय?

कार्डासाठी तिने फॉर्म पाठवला. वस्तूचे नाव. वस्तूचा काळ. कुणाकडून मिळाली. तिसऱ्या रकान्यात शिरीष लिहिलं, खोडलं. पहिल्या रकान्यात काहीच लिहवेना.

तरीही कपाटाला लाइट असणार का, हे विचारून घेतलंच मी. असणार आहे.

गुरुवार, १८

चालत स्मशानभूमीच्या ऑफिसात गेले. कुणाला न सांगता, कापडी पिशवी घेऊन भाजीला निघाल्यासारखी. खिडकीत तरुण माणूस, बोलायला चांगला. बॉडी कुठे आहे विचारलं. घरी, म्हटलं. तो उभाच राहिला.

मग सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

'मयताचं नाव?'

'माहीत नाही.'

'कधी वारले?'

'मी कॉलेजात जायच्या आधी.'

'बाई, नाव नाही, दाखला नाही. आधी पोलिसांचा कागद लागेल. आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात तर ते तुम्हालाच विचारतील, घरात माणसाची हाडं कशी.' मग आवाज खाली आणून, 'तुमच्या कॉलेजलाच देऊन टाका ना. तिथे नीट राहतील.'

नीट राहतील हे खरंच. घरी येऊन पिशवी रिकामी बघितल्यावर आठवलं, भाजी आणलीच नाही.

रात्री वसुधाचा मेसेज. सोमवारी अकराला माणूस पाठवते, ट्रंक आणि फॉर्म तयार ठेवा. बरं, असं लिहिलं. पाठवलं नाही.

शनिवार, २०

बाळूला फोनवर सांगितलं.  

'म्हणजे आमच्या घरात चेडू होता?'

हो, मुलगी होती, म्हटलं. आणि किती जणं ते नक्की नाही.

'आयेक ह्या कळाक होया होता.'

आईला कळायला हवं होतं. तिला कोण सांगणार होतं? डॉक्टर मी होते.

आईच्या पेटीतलं जुनं लुगडं काढून त्याचे तीन तुकडे केले. तीन गाठोडी बांधली. तिसऱ्याला गाठ नीट बसेना, दोनदा सोडली. ही भावुकता मला शोभत नाही हे माहीत आहे. केली.

रविवार, २१. सर्वपित्री

ट्रंक घेऊन लालबागला. बाळूच्या बायकोचा, मंदाचा स्वयंपाक झालेला. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळा, खीर. बाळू खाली बसून केळीची पानं पुसत होता. आई-आबांची पुसून झाली, आजी-आजोबांची झाली. मग थांबला.

'ताई, पावण्यांची किती मांडू?'

मंदा, सायली, बाळू, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. घरातली शिकलेली मी. परीक्षेच्या टेबलापलीकडे बसून 'माहीत नाही' हे उत्तर मी आयुष्यात चालवून घेतलं नाही. पुढचा, म्हणायचे आणि घंटी वाजवायचे.

'माहीत नाही, बाळू,' म्हटलं.

त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. 'मगे तीन मांडतंय,' म्हणाला, आणि जागा करण्यासाठी स्टूल बाजूला सरकवलं. जरा वेळाने उठला, आणि चौथं पान धुऊन आणलं.

आजवर या दिवशी मी फक्त जेवायला यायचे, तेही उशिरा. आज वाढप मी घेतलं. त्याच्या पानावर वडे, भात, उसळ. मग तिच्या पानाशी आले. सायलीएवढी असेल, किंवा लहानच. कुणी हाक मारत असेल तिला कुठल्याशा नावाने. खीर वाढली, आणि परत एकदा वाढली. मंदाने खिरीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. आई एक पान मांडायची ते त्याचं म्हणून, पावणो म्हणून. एकोणपन्नास वर्षं ती पोर आमच्या घरात उपाशी होती, आणि तिच्या अंगावर मी रंगीत शाईने नावं लिहीत बसले होते.

रडले. सगळ्यांसमोर. बाळूने पाण्याचा तांब्या पुढे केला.

बाळू कावळ्यांचं पान घेऊन गॅलरीत गेला. मी ट्रंकेपाशी बसून फॉर्म काढला. पहिल्या रकान्यातलं 'वस्तू' खोडून 'माणसं' लिहिलं. किती, तिथे जागा सोडली. काळ, कोरा. माझ्या नावाचा रकाना शेवटी होता, तोही कोराच ठेवला, पण पेन तिथे बराच वेळ रेंगाळलं, हे लिहून ठेवते.

सायली म्हणते, दे आत्या, निदान आमच्या वर्गाला तरी समजेल. बाळू म्हणतो, पावण्यांका काचेत कित्याक, हयच ऱ्हवांदेत. दोघांचंही पटतं, म्हणून दोघांवरही डाफरले.

निघताना बाळूने विचारलं, माळ्यावर चढवू का. नको म्हटलं. टॅक्सीत ठेवू का. त्यालाही नको म्हटलं. ट्रंक तिथेच आहे, चार पानांच्या शेजारी, झाकण नुसतं लोटलेलं.

वसुधाचा माणूस उद्या अकराला माझ्या घरी येणार. त्याला लालबागचा पत्ता अजून कळवलेला नाही. येऊ नकोस असंही कळवलेलं नाही.