घूं करणारा खोका

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. त्यातलं एक अंग सध्या दुखतंय, तेवढं वजा धर. मी मजेत. वहिनी आणि पिल्लू ठीक असतील. अक्षर वाकडं दिसेल; टेबल डुगडुगतंय.

तू पाठवलेला अ‍ॅम्प पोचला. पत्ता वहिनीने दिला असणार. सोबत चिठ्ठी नाही, चकार शब्द नाही. "तारा खाजवून पोट भरतं का?" असं मला विचारणाऱ्या माणसाने घरी बसून गिटारचा अ‍ॅम्प बनवावा, तोही जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा! कोणी सांगितलं होतं? वहिनीच्या जुन्या चादरीत गुंडाळला होतास. चादर बरी आहे, अंथरतोय.

खोका मात्र दिव्य. सुरू केला की घूंऽऽ. हॉटेलात आमची ट्रायल होती. मालकाने गाणंच थांबवलं. "डब्यात माशा पाळल्यात का? शनिवारपर्यंत आवाज बंद करा, नाहीतर गिटारवाला दुसरा आणा." आमचा गायक (भोंगा म्हणतो आम्ही त्याला) लगेच मान डोलवायला लागला. दुसरा गिटारवाला म्हणजे त्याचा मेहुणा. वाजवता येत नाही, पण केस लांब आहेत. हा भोंगा स्वतः आरशासमोर उभा राहून गातो, आणि परवा तर त्याने... जाऊ दे, खोक्याचं सांगतो.

उघडून पाहिलं. वायरी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा सरळ. अगदी तुझ्यासारख्या. आवाजाचं बटण शून्यावर नेलं, तरी घूं. पुढचे व्हॉल्व्ह एकेक करून काढले, तरी घूं. म्हणजे दोष पॉवर सप्लायमध्ये. शाळेत नसायचो तेव्हा बाबांच्या रेडिओच्या दुकानात असायचो, एवढं मलाही कळतं. वायरी हलवल्या, सोल्डरचे डाग नव्याने दिले, कंडेन्सर बदलले. दर वेळी प्लग उपटायचा आणि थेट हात आत. तू असतास तर कोकलला असतास, "थांब! एक हात खिशात!" बाबांचा नियम (दोन्ही हात आत असले की झटका छातीतून जातो), तुझ्या तोंडी पाढ्यासारखा. मी थांबलो नाही आणि मला काही झालंही नाही.

शेवटी सापडलं. कंडेन्सरला चिकटून एक जाडजूड रेझिस्टर, भट्टीसारखा तापलेला. कंडेन्सर म्हणजे विजेची टाकी, आणि तू तिला एवढी मोठी मोरी ठेवलेली! भरावी तेवढी वाहून जाणार, मग घूं करणार नाही तर काय? बारीक मोरी शहाणी माणसं ठेवतात. हे तर भगदाड. मी इतका हसलो की घरमालकीण डोकावून गेली. एवढा शिकलेला साहेब, दिवसभर लोकांच्या चुका काढणार, आणि हे! कापून टाकला. घूं बंद. वाटलं, तुला फक्त "हा हा" एवढंच लिहून पाठवावं.

काल एक बटण करकरत होतं. प्लग उपटला, हात आत.

टेबल डुगडुगत नाहीये, दादा. डाव्या हाताने लिहितोय. झटक्याने भिंतीवर जाऊन आदळलो. घरमालकीण धावत आली.

"मेलास का रे?"

"नाही, मावशी."

"मग ऊठ. भिंतीचा पोपडा पडलाय, तो कोण भरून देणार?"

जमिनीवर बसल्या बसल्या कळलं, भगदाड कशासाठी होतं ते. मी थांबणार नाही हे तुला माहीत होतं. प्लग काढला तरी टाकीत वीज उरते; ती लगेच रिकामी व्हावी, माझा हात पोचायच्या आत. शेजारच्या खोलीतला डास ऐकू येणारा माणूस तू, तुला घूं ऐकू आली नसेल? ऐकलीस आणि तशीच ठेवलीस.

कसला अपमान आहे हा! सख्खा भाऊ जरा वेळ थांबेल एवढाही विश्वास नाही. घर सोडताना मी दाराशीसुद्धा थांबलो नाही, त्यावरून ठरवलंस का? लहानपणी मी बाबांच्या उघड्या रेडिओत हात घातला, आणि लक्ष ठेवलं नाहीस म्हणून मार तू खाल्लास. तेवढं पुरलं नाही तुला?

तुझं भगदाड परत लावणार नाही, मालक हाकलेल. मोरीशिवायही ठेवणार नाही. बारीक मोरी बसवलीय. घूं नाही. पण टाकी हळू उतरते, आणि तिला लावलेल्या मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत समोर नुसतं बसावं लागतं. भयंकर कंटाळा. काय करावं कळेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

शनिवारी बोटांना पट्टी बांधून वाजवतोय. भोंग्याच्या मेहुण्याने केस विंचरत बसावं. मोरीचं माप बरोबर आहे का, मला नक्की माहीत नाही. एकदा येऊन बघ. चादर मात्र परत मिळणार नाही.

काटा शून्यावर आलाय. तरी अजून थोडा थांबतो.

एक हात खिशात ठेवून,
तुझा धाकटा